साइडपट्टी सहा इंच खाली आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं रुंदीकरण आणि खाड्यांवर होऊ घातलेले पूल यांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात येतात, त्यांची कात्रणं मी काढून ठेवतो. त्यांत पुलाची लांबी असते, खर्च असतो, मुंबईहून गोव्याला जाताना किती वेळ वाचेल तेही असतं. मी जपून ठेवलेल्या एकाही कात्रणात सायकल हा शब्द नाही. कामं पुरती उरकायच्या आत कुणीतरी तो उच्चारावा, म्हणून हे पत्र.

मी वाईचा. टपाल खात्यात ३१ वर्षं पोस्टमन होतो, त्यातली बहुतेक वर्षं मेणवली-धोमच्या बिटावर. रोज सरासरी वीस किलोमीटर, काळी दांडीची सायकल, हँडलला थैली, मागं कॅरिअरवर पार्सलं. हिशेब मांडला तर दीड लाख किलोमीटरच्या पुढं जातो. निवृत्त झालो तरी सायकल सुटली नाही, उलट बिटाची हद्द सुटली. आता आम्ही पाच जण वर्षातून एकदा लांबचा पल्ला मारतो. माझ्याखेरीज एक टेलर, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या त्या त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, आणि वीज मंडळात उभी हयात खांबावर काढलेला वायरमन. गुरुजी आणि वहिनींच्या सायकली गियरच्या आहेत, आम्हा तिघांच्या साध्या. आमचा नियम एकच: चढावर कुणी कुणासाठी थांबायचं नाही, कारण चढाची लय मोडली की पाय पुन्हा लागत नाहीत, पण माथ्यावर शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी पुढं हलायचं नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही कोकण धरलं. पसरणी घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर, तिथून आंबेनळीनं खाली पोलादपूर. आंबेनळी उतरताना ब्रेकचे गुट्टे इतके तापतात की रबराचा वास नाकात बसतो. म्हणून वाडा-कुंभरोशीला थांबून रिमा हात लावण्याइतक्या गार होऊ दिल्या आणि मगच पुढं निघालो. दुसऱ्या दिवशी बोगदा टाळून जुन्या कशेडी घाटानं खेड, तिथून दापोली. तिसऱ्या दिवशी दाभोळ.

दाभोळच्या धक्क्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या पत्रातली एक मागणी तिथूनच येते. समोर धोपावे दिसतं, मधे वाशिष्ठीची खाडी. रस्त्यानंच पलीकडं जायचं म्हटलं तर चिपळूणवरून वळसा, म्हणजे सायकलवाल्याचा एक अख्खा दिवस. फेरीबोटीनं काही मिनिटांत पलीकडं. बोट यायला वेळ होता. आम्ही सायकली सुतळीनं कठड्याला कशा बांधायच्या ते ठरवत उभे होतो, तेवढ्यात मासळीची टोपली घेतलेली एक म्हातारी वहिनींजवळ येऊन बसली. घाटावरून सायकलीनं आलात का, पाय दुखत नाहीत का, घरी सुना आहेत का, असं सगळं तिनं विचारून घेतलं. बोटीवर चढल्यावर तिनं वहिनींच्या हातात बळेच दोन शहाळी दिली. पैसे घेईना. बोट मधोमध आली तेव्हा पश्चिमेला खाडीचं तोंड उघडलं, त्या बाजूला अंजनवेलचा गोपाळगड, आणि वारा असा की सहा तास तापलेली पाठ क्षणात गार झाली. वायरमन म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा सायकल मला घेऊन न जाता माझ्याबरोबर बसून चाललीय." त्याचं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

गुहागरला मुक्काम केला. गुरुजींनी रात्री पंचांग काढून भरतीची वेळ काढली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा कोकणातला जुना हिशेब. दुसऱ्या दिवशी दशमी, म्हणजे साडेसात. पहाटे साडेपाचला निघून आम्ही हेदवीच्या बामणघळीवर बरोबर भरतीला पोचलो. खडकाच्या त्या चिरेत समुद्र शिरतो आणि उसळून वर येतो, तो आवाज छातीत ऐकू येतो. मोटारीतून येणाऱ्यालाही तो ऐकू येईलच. पण पहाटेच्या अंधारात पंचवीसेक किलोमीटर दम टाकत, वाटेत आंब्याच्या मोहोराचा वास घेत आलेल्या माणसाला तो जसा भिडतो, तसा दुसऱ्या कुणाला भिडत असेल असं मला वाटत नाही. पुढं तवसाळहून बोटीनं जयगड, मग गणपतीपुळे. आरे-वारेच्या चढावर टेलरनं सायकल हातात घेतली आणि माथ्यावर येऊन समुद्राकडं बघत बराच वेळ काही बोलला नाही. चाळीस वर्षं मशीनवर वाकून बसलेला माणूस आहे. त्याला तिथं उभं राहिलेलं पाहिलं आणि मीही गप्प राहिलो.

पाचव्या दिवशी रत्नागिरीहून निघालो. भाट्याच्या पुलावर समुद्राकडून येणारा वारा सायकल आडवी ढकलत होता, तो पूल आम्ही एकामागं एक, हँडल घट्ट धरून पार केला. पावस मागं टाकल्यावर रस्ता नवा लागला. काळाभोर, गुळगुळीत. आम्हाला बरं वाटलं. वायरमन सगळ्यात पुढं, मी त्याच्या मागं पन्नासेक फुटांवर. मागून जांभ्याचे चिरे भरलेला ट्रक आला, समोरूनही गाडी होती, त्यामुळं ट्रक डावीकडं सरकला. वायरमननं जे करायचं तेच केलं, डावीकडं रस्ता सोडला. आणि रस्ता एकदम खाली गेला. डांबराची कड संपते तिथं साइडपट्टी वीतभर खाली होती. तो पडला नाही, तोल सावरला, थोडं अंतर खालूनच चालवत गेला. ट्रक निघून गेल्यावर तो परत वर यायला लागला तेव्हा पडला.

नेमकं काय होतं ते सांगतो, कारण मोटार चालवणाऱ्याला ते सहसा कळत नाही. सायकलचं चाक अरुंद. ते रस्त्याच्या उभ्या कडेला तिरकं टेकलं की वर चढत नाही, कडेला घासत राहतं. हँडल उजवीकडं वळलेलं, चाक अडकलेलं, आणि अंगाचा भार मात्र उजवीकडं निघालेला असतो. त्यामुळं माणूस डावीकडच्या गवतात पडत नाही, उजवीकडं रस्त्यावर पडतो, मागून येणाऱ्या वाहनासमोर. त्या दिवशी त्या ट्रकच्या मागं दुसरा ट्रक नव्हता, म्हणून आज मी "पडला" एवढंच लिहू शकतो.

हासळीचं हाड मोडलं होतं. वहिनींनी त्याचा हात टॉवेलनं छातीशी बांधला, नाडी बघितली, त्याला बोलतं ठेवलं. शेजारच्या बागेत मोहोरावर फवारणी करणारे दोघे गडी पंप टाकून धावत आले. त्यांनीच टेम्पो थांबवला. त्या दोघांची नावं विचारायची राहिली, याची खंत अजून आहे. मोहीम तिथंच संपली. वायरमनचा हात सहा आठवडे गळ्यात होता. त्याला दवाखान्यातून घरी आणल्यावर त्याच्या बायकोनं आम्हाला काही म्हटलं नाही, चहा दिला. ते न म्हणणं फार जड गेलं.

यंदाच्या जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. त्यालाच जायचं होतं. तो म्हणाला, जिथं पडलो तिथून सुरुवात करायची, नाहीतर मला त्या रस्त्याची भीती बसेल. आम्ही रत्नागिरीपर्यंत पिकअपनं सायकली नेल्या. पूर्वी एसटीच्या टपावर सायकल चढवून देणारे कंडक्टर असत, आता ज्या गाडीत चढावं तिला टपाची शिडीच नसते. पण तो वेगळ्या पत्राचा विषय. त्या जागेवर पोचलो. वर्षभरात काही बदललेलं नव्हतं. बदल एवढाच, की कडेला गवत वाढल्यामुळं आता खड्डा दिसतही नव्हता.

टेलरच्या खिशात मोजपट्टी कायम असते. त्यानं ती काढली आणि कडेचं माप घेतलं. सहा इंच. त्यानं कापडाचं माप लिहायची आपली छोटी वही काढली, जागा लिहिली, माप लिहिलं. मग पुढं देवगडपर्यंत जिथं जिथं साइडपट्टी खचलेली दिसली तिथं आम्ही थांबलो आणि त्यानं माप घेतलं. चौदा ठिकाणं झाली. सगळ्यात कमी माप तीन इंच, सगळ्यात जास्त आठ. आठ इंचांचं ते ठिकाण उतारावरच्या वळणावर आहे, एका शाळेच्या फलकापासून फार लांब नाही.

हे असं का होतं, तेही एका निवृत्त उपअभियंत्याकडून समजून घेतलं. रस्ता खराब झाला की जुन्या डांबरावर नवा थर घालतात. प्रत्येक थरानं रस्ता काही इंच उंच होतो, साइडपट्टी होती तिथंच राहते. ती भरून काढण्यासाठी मुरूम टाकून रोलर फिरवायचा असतो. कुठं तो टाकलाच जात नाही, कुठं टाकला तरी पहिल्या पावसात निघून जातो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या प्रदेशात नुसता मुरूम किती टिकणार? त्याच उपअभियंत्यांनी उपायही सांगितला. डांबराची कड उभी न ठेवता काम चालू असतानाच तिला उतार द्यायचा आणि ती दाबून घ्यायची. उतरत्या कडेवरून चाक घसरलं तरी माणूस परत वर येऊ शकतो. मोटारसायकलवालाही येऊ शकतो, हे मुद्दाम लिहितो, कारण अशा कडेनं पडणाऱ्यांत सायकलवाले थोडे आणि दुचाकीवाले जास्त असणार. वळणावर, उतारावर आणि गावाजवळ तरी साइडपट्टी पक्की करावी, हवं तर जांभ्याचे तुकडे बसवून काँक्रीटनं. कोकणात जांभ्याला तोटा नाही.

सायकलवर कोण असतं, असा प्रश्न कुणी विचारील. हेदवीहून तवसाळला जाताना चढावर आम्हाला शाळेच्या तीन मुली भेटल्या. दप्तर कॅरिअरला, सायकल हातात, गप्पा मारत चढ चढत होत्या. वहिनी त्यांच्याबरोबर माथ्यापर्यंत चालल्या. शाळा लांब असणाऱ्या मुलींना शासन मानव विकास कार्यक्रमातून सायकली देतं, फार चांगलं करतं. मग त्या सायकलीनं जायचा रस्ता कुणी बघायचा? तेरेखोल ओलांडून गोव्यात शिरलं की सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पाव विकणारा पदेर भेटतो. त्याचं पोट त्या दोन चाकांवर आहे. आणि आता तरुण मुलंमुली ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या करतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करायचे असतात, म्हणजे रात्रभर चालवणं आलं. पोलादपूरच्या टपरीवर मला अशी चौघं भेटली, अंगात चमकणारी जाकिटं, डोळे लाल, तोंडात केळं. डॉक्टर, इंजिनिअर, एक बँकेत. त्यांच्यातल्या मुलीनं माझ्या सायकलची चेन हातात घेऊन बघितली आणि तेल कोणतं लावता म्हणून विचारलं. शिवणयंत्राचं, टेलरच्या दुकानातलं, असं सांगितल्यावर तिनं ते मोबाइलवर टिपून घेतलं. ही मुलं काळोखात चालवतात. सहा इंचांची कड काळोखात दिसत नाही.

मुक्कामाच्या ठिकाणी गुरुजी आम्हाला दोन गोष्टी नेहमी सांगतात. १९२३ साली मुंबईतून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांतले तिघं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परत आले. आणि २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघानं पूर्ण केली. सायकलवर जग फिरून येणारी माणसं आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वीही होती आणि आजही आहेत. त्यांना पावसपासून पूर्णगडपर्यंत मात्र धडपणे जाता येऊ नये, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता पुलांबद्दल. रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल होणार म्हणतात. व्हावेत. आजारी माणसाला रात्री फेरीबोटीची वाट बघत बसावं लागू नये. पण पुलाच्या नकाशात डाव्या हाताला निदान पाच-सहा फुटांची पट्टी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलसाठी ठेवावी, आणि ती उंच फुटपाथ करून ठेवू नये, कारण उंच फुटपाथवर सायकल चढत नाही आणि चढली तर उतरताना माणूस वाहनांत पडतो. कठडा सायकलवर बसलेल्या माणसाच्या कमरेच्या वर येईल एवढा उंच हवा. भाट्याच्या पुलावरचा वारा अंगावर घेतल्यापासून हे मी ठामपणे म्हणतो, आणि नवे पूल तर खाडीच्या तोंडाशी, याहून उंच असणार. एकदा पूल उभा राहिला की त्याची रुंदी पुढच्या पन्नास वर्षांत कुणी वाढवत नाही. कागदावर रेघ ओढायची वेळ आत्ताच आहे.

पूल झाल्यावर बोटी लगेच बंद करू नयेत, हीही विनंती. निदान सकाळ-संध्याकाळच्या काही फेऱ्या राहाव्यात. शहाळी देणारी ती म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन पुलाच्या चढावर कशी जाणार, हे मला दिसत नाही. धक्क्यावरून धक्क्यावर जाणाऱ्यांसाठी पूल लांबच पडणार आहे.

आणखी एक छोटी गोष्ट आहे, तिला पैसे लागत नाहीत. गावाजवळ, वळणाअलीकडं वेग कमी व्हावा म्हणून रस्त्यावर आडवे जाड पांढरे पट्टे मारतात. ते या कडेपासून त्या कडेपर्यंत असतात. उतारावर सायकल त्यावरून जाते तेव्हा हातातलं हँडल सुटायला येतं, ब्रेक नीट लागत नाही. डाव्या कडेला दोन फूट जागा सोडून पट्टे मारले तर मोटारीचा वेग कमी व्हायचा तो होईलच आणि सायकल बाजूनं निघून जाईल. मारणाऱ्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरे.

टेलरच्या वहीतल्या चौदा मापांची नक्कल, गावाचं नाव आणि जवळची खूण घालून, मी या पत्राबरोबर जोडली आहे. छापायला जागा नसेल तर संबंधित कार्यालयाकडं पाठवावी. कुणाला खात्री करायची असेल तर आम्ही येऊन जागा दाखवू, मोजपट्टी आमची आहे.

यंदा आम्ही पावसच्या पुढच्या त्या जागेपासून रेडीपर्यंत गेलो. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला, मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडा, मग रेडी. रेडीच्या अलीकडचा शेवटचा चढ वायरमननं न उतरता चढला आणि माथ्यावर आमच्यासाठी थांबला. मी शेवटचा होतो. रेवस ते दाभोळ हा वरचा टप्पा अजून राहिलाय, तो येत्या डिसेंबरात करायचा ठरलंय. वहिनींनी या वेळी पिशवीत तिकोनी पट्टी आणि मोडलेल्या हाडाला आधार द्यायच्या दोन खपच्या आधीच भरून ठेवल्यात.

आपला वाचक,
एक निवृत्त पोस्टमन, वाई (जि. सातारा)
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)